बेंगाल मांजर घरी आणावे का? नागपूरच्या मनीषनगरमधील पाच जणांच्या कुटुंबासाठी सल्ला हवा आहे

सावली_मनीषनगर

नमस्कार. आमच्या घरी बेंगाल जातीचे मांजर आणावे की नाही, याविषयी ज्यांनी हे मांजर प्रत्यक्ष सांभाळले आहे किंवा ज्यांना त्याची नीट माहिती आहे, त्यांचा सल्ला हवा आहे. प्रश्न थोडा सविस्तर लिहीत आहे, कारण घरची परिस्थिती कळल्याशिवाय कोणालाही नेमके उत्तर देता येणार नाही.

आम्ही एका इमारतीच्या चौथ्या मजल्यावर राहतो. मी, माझे पती, अकरा वर्षांची मुलगी, सहा वर्षांचा मुलगा आणि सासूबाई असे आम्ही पाच जण आहोत. आम्ही दोघेही नोकरी करतो आणि संध्याकाळी साडेसहाच्या आत सहसा घरी पोचत नाही. दिवसभर सासूबाई घरी असतात. त्यांना प्राण्यांची आवड आहे, पण गुडघ्यांच्या दुखण्यामुळे फार वाकणे किंवा धावपळ करणे त्यांना जमत नाही. घर पूर्ण शाकाहारी आहे. बाल्कनीला कबुतरांसाठी लावतात ती नायलॉनची जाळी आहे, तिथेच लव्हबर्ड्सच्या जोडीचा पिंजरा टांगलेला असतो, आणि उन्हाळ्यात हॉलच्या खिडकीला मोठा कूलर लागतो. मुलाला धुळीने शिंका येतात.

ही सगळी चौकशी मुलीसाठी आहे. तिने एका वहीत बेंगाल, ऑसिकॅट आणि इजिप्शियन माऊ या तिन्ही जातींची चित्रे काढली आहेत. ऑसिकॅट आणि माऊ यांचा ठिपका एकाच रंगाचा असतो, तर बेंगालच्या अंगावर आत फिकट आणि कडेने गडद अशी, बिबट्याच्या अंगावर असते तशी खूण असू शकते, हे तिने मला त्या चित्रांवरून समजावून सांगितले. तिची आवड वरवरची नाही, म्हणून आम्हीही विचार वरवरचा करू इच्छित नाही.

शहरातील एका विक्रेत्याने आम्हाला पिल्लाचे छायाचित्र पाठवले आहे. किंमत पन्नास हजारांच्या वर आहे. पिल्लू सहा आठवड्यांचे असून दुसरे गिऱ्हाईक तयार आहे, तेव्हा दोन दिवसांत काय ते सांगा, असा त्याचा आग्रह आहे. या जातीची ॲलर्जी होत नाही आणि स्वभाव अगदी गरीब असतो, असेही तो म्हणतो. हे कितपत खरे मानावे? नागपूरच्या उन्हाळ्यात हे मांजर नीट राहते का? आणि आमच्यासारख्या घरात ते सुखाने राहील का? कृपया स्पष्ट लिहावे.

प्रतापनगरकर

ताई, आमच्याकडे नसबंदी केलेला बेंगाल बोका आहे आणि आता तो पुरता प्रौढ झाला आहे. आमचे घर स्वतंत्र आहे, वर गच्ची आहे, आणि माझे काम घरूनच चालते. हे आधीच सांगतो, कारण आमच्याकडे जे सहज जमते ते प्रत्येक घरी जमेलच असे नाही.

बेंगाल चपळ असते, असे सगळेच लिहितात. त्याचा अर्थ इतर मांजरांपेक्षा जरा जास्त खेळकर, असा आपण घेतला असेल तर तो अपुरा आहे. आमच्याकडे पूर्वी गावठी मांजरी होती. ती दोरीमागे थोडा वेळ धावली की अंगाची घडी करून झोपी जात असे. हा बोका खेळ थांबला की पुढच्या कामाच्या शोधात निघतो. लोंबकळत्या हँडलचे दार उडी मारून, हँडलवर वजन टाकून उघडणे, कपाटाचा खण नखाने ओढून त्यातली वस्तू बाहेर काढणे, फडताळावरची बाटली कडेपर्यंत सरकवत नेणे आणि ती पडताना वाकून पाहणे, ही त्याची रोजची कामे आहेत. यात खोडसाळपणा नाही. शिकारीसाठी घडलेले शरीर आणि कुतूहल त्याला मिळाले आहे आणि घरात शिकार नाही, एवढेच त्याचे कारण आहे. कंटाळा आला की तो मोठ्या आवाजात ओरडतो, आणि हा आवाज इमारतीत शेजाऱ्यांपर्यंत जातो.

म्हणून आमच्या घरात दोन वेळा ठरलेल्या आहेत. मांजर मुळातच पहाटे आणि तिन्हीसांजेला जास्त जागे असते, तेव्हा याच दोन वेळी त्याला काठीला बांधलेल्या पिसांच्या खेळण्यामागे भरपूर पळवायचे, शेवटी ते खेळणे त्याला पकडू द्यायचे आणि लगेच जेवण वाढायचे. शिकार, जेवण, अंग चाटणे आणि झोप हा क्रम पुरा झाला की तो खरोखर शांत होतो. क्रम मोडला, म्हणजे नुसते खेळवून सोडून दिले, की रात्री दोन वाजता तो हॉलभर धावतो. शिवाय भिंतीवर छतापर्यंत चढत जाणाऱ्या फळ्या आहेत, पळण्याचे मोठे चाक आहे, आणि कोरडे खाणे वाटीत न देता भोकांच्या डब्यात देतो, म्हणजे ते पंजाने उकरून काढावे लागते. हे सगळे आजारपणात, मुलांच्या परीक्षेत आणि पाहुणे आले तरी चालू ठेवावे लागते. आपल्याकडे हा वेळ रोज कोण देणार, याचे उत्तर नाव घेऊन देता आले तरच पुढे जावे, असे मला वाटते.

कूलरविषयी आपण विचारलेले नाही, पण मी मुद्दाम लिहितो. बेंगालमधल्या बऱ्याच मांजरांना पाण्याची ओढ असते, आणि आपल्या नागपुरात चार महिने घरातले सर्वांत मोठे पाणी कूलरच्या टाकीत असते. आमचा बोका आधी उजवा पंजा पाण्यावर नुसता टेकवतो, पाणी हलले की झटकन मागे घेतो, पुन्हा टेकवतो, आणि थोड्या वेळाने खांद्यापर्यंत हात आत घालून पंपाची नळी ओढू लागतो. हे पाहायला गंमत वाटते, पण त्या पाण्यात विजेवर चालणारा पंप असतो. कूलरला अर्थिंग नीट आहे ना, हे इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्या, घरच्या मेन बोर्डावर गळतीचा करंट तोडणारे आरसीसीबी बसवा, आणि पाणी भरायच्या तोंडावर स्क्रूने पक्की जाळी लावा. वाळ्याच्या किंवा वुडवूलच्या ताट्या नखांनी उपसल्या जातात, म्हणून त्यांनाही बाहेरून जाळी लागते. खिडकीची चौकट आणि कूलर यांच्यामधली फट आपण बहुधा थर्माकोलने बुजवतो. तो थर्माकोल हे मांजर पहिल्याच दिवशी कुरतडेल आणि चौथ्या मजल्यावरून बाहेर पडेल. तिथे प्लायवुडच लागेल. त्याच्या पाण्याच्या हौसेसाठी आम्ही बाथरूममध्ये घमेल्यात चार बोटे पाणी घालून त्यात टेबलटेनिसचे चेंडू सोडतो.

मुलांबद्दल. अकरा वर्षांच्या मुलीसाठी हा फार चांगला सोबती होऊ शकतो. क्लिकर (दाबले की टिक् वाजणारे छोटे साधन) आणि खाऊचा तुकडा घेऊन बसले की तो बसायला, हात द्यायला, हाक मारल्यावर यायला शिकतो. अंगाला हार्नेस घालून दोरीने फिरायलाही शिकतो. वही करणाऱ्या मुलीला हे शिकवण्याचे काम नक्की आवडेल. सहा वर्षांच्या मुलाला मात्र तीन गोष्टी घोकून घ्याव्या लागतील: हाताची बोटे हलवून खेळवायचे नाही, मागे धावायचे नाही, आणि पोटाखाली हात घालून उचलायचे नाही. दोरीची खेळणी खेळ झाल्यावर कपाटात बंद करावीत. गिळलेली दोरी किंवा केसांचा रबरबँड आतड्यात अडकला तर शस्त्रक्रियेची वेळ येते.

लव्हबर्ड्स आणि बेंगाल एका घरात ठेवायचे तर पक्ष्यांना कायम बंद दाराची वेगळी खोली हवी. पिंजरा उंच टांगला की प्रश्न सुटला, असे होत नाही. मांजराने पिंजऱ्याला हात लावला नाही, तरी समोर टक लावून बसलेल्या शिकाऱ्याकडे पाहत पक्ष्यांनी दिवस काढायचा, हा त्यांच्यावर अन्याय आहे.

आणि सासूबाईंचा विचार सर्वांत आधी करा. हे मांजर पायांत घोटाळते, अंधारात पायांमधून धावते, आणि दिवसभर घरी त्याच एकट्या असणार. दुपारी ते झोपेल, पण चारच्या सुमारास उठून ज्याच्याकडे काम मागेल ते माणूस त्याच असतील. आपण स्पष्ट लिहायला सांगितले आहे, म्हणून लिहितो: आज आपले घर जसे चालते, तसेच चालणार असेल, तर मी बेंगाल आणू नका असेच म्हणेन. संध्याकाळचा वेळ, बाल्कनीला नायलॉनऐवजी पक्की जाळी आणि पक्षी या तिन्हींची आधी सोय लागली, तर माझे मत बदलेल.

पशुवैद्य_विदर्भ

मी नागपुरात पाळीव प्राण्यांवर उपचार करतो. वरच्या उत्तराशी मी सहमत आहे. मी फक्त वैद्यकीय बाजू लिहितो.

सहा आठवड्यांचे पिल्लू कोणीही, कोणत्याही घाईत घेऊ नये. प्राणी क्रूरता प्रतिबंध (पेट शॉप) नियम, २०१८ नुसार आठ आठवड्यांपेक्षा लहान मांजराचे पिल्लू दुकानातून विकता येत नाही. आठ ही कायद्याची किमान मर्यादा झाली. चांगले पैदासकार १२ आठवड्यांपर्यंत पिल्लू आईजवळ ठेवतात. चावा किती जोरात घ्यावा, नखे कधी आत घ्यावीत, हे पिल्लू आईकडून आणि भावंडांकडून याच काळात शिकते. बेंगालसारख्या जोमदार जातीत हे शिक्षण अपुरे राहिले, तर त्याचे ओरखडे पुढे घरातल्या मुलांच्या हातावर दिसतात.

ॲलर्जी होत नाही हे विधान चुकीचे आहे. मांजराच्या ॲलर्जीचे मुख्य कारण फेल डी १ नावाचे प्रथिन आहे. ते लाळेत आणि त्वचेतील ग्रंथींत तयार होते, अंग चाटताना केसांवर पसरते आणि वाळून हवेत मिसळते. बेंगालचे केस आखूड असले आणि कमी गळत असले, तरी हे प्रथिन त्याच्याही शरीरात असतेच. आपल्या मुलाला ज्या घरी मांजर आहे तिथे एकाहून अधिक वेळा, बंद खोलीत, पुरेसा वेळ बसवून पाहा, आणि शिंका वाढल्या किंवा दम लागला तर त्याच्या डॉक्टरांकडून ॲलर्जीची तपासणी करून घ्या.

या जातीत काही आनुवंशिक आजार आढळतात आणि ते पिल्लाकडे पाहून कळत नाहीत. दृष्टिपटल हळूहळू निकामी करणारा पीआरए-बी हा एक. त्यात पिल्लू लहान असतानाच नजर जाऊ लागते. तांबड्या रक्तपेशी अकाली फुटून रक्तक्षय होणारा पायरुव्हेट कायनेजच्या कमतरतेचा आजार हा दुसरा. दोन्हींमध्ये आई आणि बाप दोघांकडूनही सदोष जनुक आले तरच आजार होतो, आणि दोन्हींची जनुकीय चाचणी उपलब्ध आहे. हृदयाचा स्नायू जाड होण्याचा आजार, म्हणजे एचसीएम, यासाठी मात्र बेंगालमध्ये भरवशाची जनुकीय चाचणी नाही. तिथे आई-बापांच्या हृदयाची सोनोग्राफी, म्हणजे इको, हाच मार्ग आहे. विक्रेत्याकडे हे अहवाल मागा. पन्नास हजार मागणाऱ्याला ते मागितल्याचा राग येत असेल, तर तेवढ्यावरून निर्णय घ्यायला हरकत नाही. गर्दीत वाढलेल्या पिल्लांमध्ये ट्रायट्रायकोमोनास या परजीवीमुळे दुर्गंधीयुक्त जुलाब दीर्घकाळ चालतात आणि जुलाबाच्या नेहमीच्या औषधांना दाद देत नाहीत. असे दिसले तर विष्ठेची पीसीआर (परजीवीचे जनुकीय द्रव्य शोधणारी) तपासणी करावी.

उन्हाळ्याचे म्हणाल, तर बेंगाल आखूड केसांचे आणि सडपातळ असते, त्यामुळे पर्शियनपेक्षा ते नागपुरात बरे राहते. पर्शियनचे चपटे नाक आणि दाट केस मे महिन्यात त्याला फार त्रास देतात. तरीही पारा ४५ अंशांवर गेला की कोणतेही मांजर बंद, तापलेल्या खोलीत सुरक्षित नसते. मांजराला घाम येतो तो प्रामुख्याने पंजांच्या तळव्यांना. बाकी थंडावा ते अंग चाटून मिळवते. त्याचे शरीर-तापमान साधारण ३८ ते ३९.२ अंश असते. ते ४० च्या वर जाणे ही आणीबाणी आहे. कुत्र्याचे धापा टाकणे नेहमीचे असते, मांजराचे नसते. तोंड उघडे ठेवून श्वास घेणारे, लाळ गाळणारे, झोकांड्या खाणारे मांजर दिसले, तर त्याला साध्या थंड पाण्याने ओले करा, पंख्याखाली ठेवा आणि लगेच दवाखान्यात न्या. बर्फाचे पाणी वापरू नका. नवतप्यात, म्हणजे मेअखेरीच्या कडक उन्हाच्या दिवसांत, चाकावर पळवणे किंवा दोरीमागे धावायला लावणे सूर्योदयापूर्वी आणि रात्री उशिरा एवढेच ठेवावे. दुपारी वीज गेली तर काय करायचे, हे सासूबाईंना आधी सांगून ठेवावे.

त्रिगुणी (तीन आजारांवरची एकत्र) लस, रेबीजची लस, जंतांचे औषध आणि पाच-सहा महिन्यांच्या आसपास नसबंदी, यात तडजोड नको. नसबंदी न केलेला बोका घरभर मूत्र शिंपडतो. घरात पॅरासिटामॉल, डांबराच्या गोळ्या, पुसण्याचे फिनाईल, लिली असलेले पुष्पगुच्छ आणि कुत्र्यांच्या गोचिडांवरचे परमेथ्रिनयुक्त औषध मांजरापासून लांब ठेवा. पॅरासिटामॉलची एक गोळीसुद्धा मांजराचा जीव घेऊ शकते. आपल्याकडे संत्र्याच्या सालीपासून घरगुती फवारे करण्याची हौस बऱ्याच घरांत असते. त्यातले तेलही मांजराला अपायकारक आहे. स्वतःच्या दवाखान्याचे नाव मी इथे देणार नाही. सेमिनरी हिल्सवरील नागपूर पशुवैद्यकीय महाविद्यालयात प्राण्यांवर उपचार होतात, हे नवीन पालकांना माहीत असावे.

सावली_मनीषनगर

दोघांचेही मनापासून आभार. विक्रेत्याकडे चाचण्यांचे अहवाल मागितले; त्याने ते दिले नाहीत, मात्र हे पिल्लू "एफ-टू" आहे, म्हणून किंमत जास्त आहे, असे सांगितले. याचा अर्थ काय? दुसरे असे की, मांजराला दूध, दही, पनीर आणि भाकरी यांवर ठेवता येईल का? स्वयंपाकघरात मांस आणण्याला सासूबाईंचा विरोध आहे आणि त्यांचे मन मोडून काही करायची आमची इच्छा नाही.

अंबाझरीकाठ

मी पशुवैद्य नाही. रानात आणि घरात राहणाऱ्या मार्जारकुलातील प्राण्यांचा अभ्यास हा माझा अनेक वर्षांचा छंद आहे, म्हणून पहिल्या प्रश्नाचे उत्तर देतो.

बेंगाल ही जात आशियाई लेपर्ड कॅट हे रानटी मांजर आणि घरगुती मांजर यांच्या संकरातून आली. अमेरिकेत कॅलिफोर्नियातील जीन मिल यांनी असा संकर पहिल्यांदा १९६३ मध्ये घडवला. पुढे मार्जारांच्या रक्तकर्करोगावरील संशोधनासाठी डॉ. विलार्ड सेंटरवॉल यांनी तयार केलेली संकरित मांजरे त्यांना मिळाली आणि १९८० च्या दशकात कामाला पुन्हा गती आली. दिल्लीच्या प्राणिसंग्रहालयात गेंड्याच्या आवारात राहणारा, ठिपक्यांचा, सोनेरी झाक असलेला एक भटका बोकाही त्यांनी आपल्या पैदाशीत घेतला, आणि या जातीच्या अंगावरची चमक मुख्यतः त्याच्याकडून आली असे मानले जाते. आपल्या मुलीला हे वाचून आनंद होईल. टिका या आंतरराष्ट्रीय नोंदणी संस्थेने १९८६ मध्ये या जातीला स्थान दिले.

एफ-वन म्हणजे ज्याच्या आई-बापांपैकी एक रानटी आहे ते पिल्लू; एफ-टू म्हणजे ज्याच्या आजी-आजोबांपैकी एक रानटी आहे ते. पहिल्या तीन पिढ्यांतले बोके बहुधा नपुंसक असतात आणि या पिढ्यांचा स्वभाव बुजरा, ताणलेला आणि अनोळखी माणसांना न मानणारा असू शकतो. घरात पाळण्याजोगे बेंगाल चौथ्या किंवा त्यापुढच्या पिढीचे समजले जाते. लहान मुलांच्या घरात एफ-टू आणणे ही गोष्ट अभिमानाची नाही, काळजीची आहे.

आता कायद्याचे. लेपर्ड कॅट वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत आहे. तिला पकडणे, बाळगणे किंवा विकणे हा गुन्हा आहे. त्यामुळे पिल्लाचा आजा खरोखरच रानटी असेल, तर तो कोठे, कोणाच्या ताब्यात आणि कोणत्या परवानगीने होता, हे विक्रेत्याला कागदावर दाखवता आले पाहिजे. दाखवता येत नसेल, तर एक तर पिल्लू बेकायदा व्यवहारातून आले आहे, नाही तर विक्रेता साध्या पट्टेरी पिल्लाला एफ-टू म्हणत आहे. दोन्ही बाबतींत व्यवहार सोडून देणे योग्य.

याच ओघात एक विनंती. वाघाटी आणि रानमांजर ही लहान रानटी मांजरे आपल्या विदर्भातही आहेत, आणि शेतात कापणीच्या वेळी त्यांची ठिपक्यांची पिल्ले सापडतात. आई जवळपास असते आणि ती परत येते. असे पिल्लू कोणी "बेंगाल" म्हणून देऊ केले, तर कृपया घेऊ नका. वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवा.

पशुवैद्य_विदर्भ

आहाराच्या प्रश्नाचे उत्तर निःसंदिग्ध आहे: मांजर शाकाहारावर जगवता येत नाही. टॉरिन हे द्रव्य मांजराचे शरीर पुरेसे तयार करू शकत नाही आणि ते प्राण्यांच्या मांसातूनच मिळते. ते कमी पडले की दृष्टिपटल खराब होते आणि हृदय मोठे होऊन दुबळे पडते. टॉरिन आणि या हृदयविकाराचा संबंध १९८७ मध्ये अमेरिकेतील संशोधनातून सिद्ध झाला. गाजरातल्या द्रव्यापासून अ जीवनसत्त्व बनवणेही त्याला जमत नाही. दूध तर बहुतेक प्रौढ मांजरांना पचतच नाही. नुसते उकडलेले चिकनही पुरेसे नाही, कारण त्यात कॅल्शियम नसते आणि टॉरिन उकळलेल्या पाण्यात उतरते. ते पाणी फेकले की तेही गेले. ज्यावर "संपूर्ण आहार" असा उल्लेख आहे असे तयार खाद्य, कोरडे आणि ओले मिळून, हा आपल्यासारख्या घरासाठी व्यवहार्य मार्ग आहे. त्यासाठी स्वयंपाकघरात मांस शिजवावे लागत नाही.

गोकुळपेठच्या_काकू

आमचेही घर शाकाहारी आहे, म्हणून लिहिते. मांजराचे खाणे आम्ही धुण्याच्या जागेत, वेगळ्या बंद डब्यात ठेवतो. त्याचा चमचा, वाटी आणि घासणी निराळी आहे आणि ती तिथल्याच नळाखाली धुतली जाते. सुरुवातीला माझ्या सासूबाईंचाही विरोध होता. मी त्यांना एकच विचारले, की मांजराला देवाने दिलेले खाणे आपण नाकारायचे असेल तर ते आणायचेच कशाला? त्या विचार करून हो म्हणाल्या, आणि पुढे ओल्या खाण्याचे पाकीट कात्रीने कापून वाटीत रिकामे करण्याचे काम त्यांनीच स्वतःकडे घेतले. आपल्या सासूबाईंशी मुलांदेखत नाही, तर निवांतपणे बोला. त्या नाही म्हणाल्या, तर तो निर्णय शेवटचा समजा.

बेंगालचा आग्रह थोडा बाजूला ठेवता येत असेल, तर एक सुचवते. एकाच वेताची दोन गावठी पिल्ले, तीन महिन्यांची झाल्यावर, दत्तक घ्यावीत. ती आपसांत कुस्ती खेळून दमतात, त्यामुळे दिवसभर घरातल्या मोठ्या माणसाच्या मागे लागत नाहीत. आपल्याकडच्या गावठी मांजरांतही पट्ट्यांचे तुटून ठिपके झालेली पिल्ले असतात, आणि उन्हाळा त्यांच्या पिढ्यान्‌पिढ्यांच्या अंगवळणी पडलेला आहे. आपल्या मुलीने ती एकदा पाहावीत.

सावली_मनीषनगर

आपण सर्वांनी इतक्या आस्थेने लिहिले, याबद्दल मी ऋणी आहे. विक्रेत्याला आम्ही नकार कळवला आहे. मुलीला एफ-टूचा आणि कायद्याचा भाग वाचून दाखवला. ती थोडी रडली, पण वाघाटीच्या पिल्लांचा परिच्छेद तिने स्वतःच वहीत उतरवून घेतला. या उन्हाळ्यात कोणतेच मांजर आणायचे नाही, असे ठरले आहे. तोवर मुलाची ॲलर्जीची तपासणी होईल, लव्हबर्ड्स माझ्या बहिणीकडे जातील, कारण तिच्याकडे त्यांच्यासाठी मोकळी खोली आहे, आणि सासूबाईंशी मी सवडीने बोलेन. पावसाळ्यानंतर बेंगाल की गावठी जोडी, याचा निर्णय करू. मला स्वतःला आता दुसरा पर्याय अधिक पटतो. बाल्कनीचे काम मात्र आत्ताच करून घ्यायचे आहे. प्रतापनगरकर दादा, नायलॉनच्या जागी नेमकी कोणती जाळी लावावी?

प्रतापनगरकर

ताई, स्टेनलेस स्टीलची, ३०४ ग्रेडची वेल्डेड जाळी घ्या. तिचे घर एक इंचाचे किंवा त्याहून लहान असावे, म्हणजे पिल्लाचे डोके त्यातून जात नाही. ती नायलॉनच्या जाळीसारखी हुकांवर ताणू नका. चारही बाजूंनी लोखंडी चौकट करून भिंतीत बोल्टने बसवून घ्या, कारण हे प्राणी जाळीवर चढतात आणि त्यांचे सगळे वजन एका कोपऱ्यावर येते. खाली कठडा आणि जाळी यांच्यामध्ये बोटभर फटही राहू देऊ नका. आणि साफसफाईसाठी एक झडप ठेवावी लागते, तिला कडी बाहेरून नाही, आतून आणि वरच्या बाजूला लावायला सांगा, म्हणजे ती मुलाच्या हाताला येणार नाही. काम संक्रांतीच्या आधी कधीही होऊ द्या. त्या दिवसांत मांजाचे तुकडे बाल्कनीत येऊन पडतात आणि मांजर ते गिळते, तेव्हा जाळी असली तरी रोज संध्याकाळी बाल्कनी एकदा झाडून घ्यावी लागेल.

मुलाच्या तपासणीसाठी मांजराच्या सहवासात बसवायचे असेल, तर आमच्या घरी अवश्य या. मुलीलाही आणा; बोक्याला हात द्यायला कसे शिकवले, ते तिला दाखवता येईल. पत्ता मी आपल्याला व्यक्तिगत निरोपातून कळवतो.